वेलिनच्या पट्ट्याची घडी

आरी भोक पाडायला गेली, तर भोक तिथं आधीच होतं. स्तोयमेन्काचा हात जागच्या जागी थबकला. एकोणतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात वरच्या कातड्याची शिवण केलेला हात तो. जाड कातडं आधी कसं नाही म्हणतं आणि मग कसं हळूच हो म्हणतं, ते त्याला डोळे मिटून ठाऊक. पण आज काहीच आड आलं नाही. टोक सरळ पलीकडं गेलं. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. तिनं आरी बाजूला ठेवली आणि चष्मा पुसला. खिडकीबाहेर पेर्निक शहराच्या चौकोनी इमारतींवर दुपारचं राखाडी बर्फ पडत होतं, गॅलरीत आंबवलेल्या कोबीचं पिंप होतं, टेबलावरच्या मेणकापडावर सासऱ्याचा पट्टा पोट उघडं टाकून पडला होता. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त हे भोक तिथं असायला नको होतं. तिनं दिव्याखाली पट्टा वाकवला. एक नव्हतं. अस्तराखाली, घडीच्या आत, एकाखाली एक अशी भोकांची अख्खी रांगच होती, पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत.

हिवाळ्यात मुखवटेवाले कमरेला बांधतात तो घंटांचा पट्टा कापायचा नाही, ही या भागातली रीत. माणूस बारीक असला तर जास्तीचं कातडं आत दुमडायचं, दोन सुयांच्या टाक्यानं शिवून टाकायचं. उद्या त्याचा पोरगा अंगानं भरला की उसवायचं. कापलेला पट्टा म्हणजे वंशच आखूड केल्यासारखं, असं जुनी माणसं म्हणायची. कारखाना बंद पडल्यापासून स्तोयमेन्का हेच काम घरी करत आली होती. नोव्हेंबर लागला की आसपासच्या गावांतले पट्टे तिच्या चौथ्या मजल्यावर यायचे. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचं आजारानं ओसरलेलं, कुणाचा पट्टा बापाकडून लेकाकडं आलेला. माणसांच्या कमरा तिला त्यांच्या चेहऱ्यांहून जास्त ठाऊक होत्या. आणि घरचाच पट्टा मात्र तिनं कधी उसवला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. सासरा वेलिन पिंपासारखा होता, त्याचा मुलगा ल्यूबेन, म्हणजे तिचा नवरा, तोही पिंपासारखाच. पट्टा या पिंपावरून त्या पिंपावर गेला, एक टाका न हलता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती मनात म्हणाली, आणि त्या रांगेवरून अंगठा फिरवत बसून राहिली.

वेळ यंदा आली होती. ल्यूबेनच्या हृदयाचं ऑपरेशन शरदात झालं, डॉक्टरांनी दोन किलोची पिशवीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं, मग पाच घंटांचा वीस किलोंचा पट्टा कुठला. आणि चौदा जानेवारीला, जुन्या पंचांगातल्या नव्या वर्षाच्या सकाळी, गावातले मुखवटेवाले घरोघर अनिष्ट हाकलायला निघतात तेव्हा ज्या घराच्या घंटा एक वर्ष गप्प राहतील, त्या घराची रांगेतली जागा जाते. पट्टा दुसऱ्या घरच्या माणसाच्या कमरेला जातो. तो परत येत नाही, असं कुणी म्हणत नाही. पण आलेला कुणी पाहिलेला नाही. रांगेचा म्होरक्या झार्को, चौऱ्याहत्तरीचा, त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, "वहिनी, मित्कोच्या मापाचा करून ठेवा. माझाच पुतण्या आहे, परका नाही. अकरा तारखेला येऊन घेऊन जातो." स्तोयमेन्का "बरं" म्हणाली होती. आणि त्याच संध्याकाळी सोफियाहून नोकरीवरून परतलेली तिची मुलगी एलित्सा बूट काढता काढता म्हणाली, "आई, पट्टा माझ्या मापाचा कर." "अगं, जुन्या रांगेत बायका नसतात." "नवरी असते की." "ती नवरी म्हणजे मिशीवाला गोश्को असतो, घागरा घालून." "मग गोश्कोला घागरा चालतो आणि मला पट्टा चालत नाही? वा रे रीत!" स्तोयमेन्का तिलाही "बरं" म्हणाली. दोन्ही "बरं" तिच्या छातीत शेजारी शेजारी बसून होते आणि आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आज नऊ तारीख. निदान उसवून तर ठेवावा, मोठा करायचा की लहान ते मग बघू, म्हणून तिनं घंटा सोडवून वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या आणि अस्तराला रापी लावली होती.

घडीत अजूनही काही होतं. भोकांच्या रांगेमागं, कातड्याला चिकटून बसलेली निळ्या कापडाची एक पट्टी, बोटभर रुंद. तिनं ती दाभणाच्या टोकानं उचलली. निळ्यावर काळी रेघ, रेघेत एक लाल धागा. हे कापड तिनं पाहिलं होतं. कुठं? गावच्या घरी सैपाकघराच्या खुंटीवर. सासूबाईंचा एप्रन. पट्टा कमरेच्या हाडाला लागतो तिथं काचू नये म्हणून नव्या रांगांतल्या बायका असंच कापड घालतात, पुरुष घालत नाहीत. पुरुष काचू देतात आणि आठ दिवस कण्हतात. एका भोकात जुन्या दोऱ्याचा तुकडा राहिला होता, त्याचा कल उलटा होता. उजव्या हाताच्या माणसाचा टाका एका बाजूला कलतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. तिनं जुन्या खुणेवरून पट्टा दुमडला आणि फीत लावली. पट्ट्याखाली अंगावर असतं त्या मेंढीच्या कातड्यासकट बाहत्तर सेंटिमीटर. वेलिनची मांडी गेली नसती त्यात.

ग्यूर्गा, तिची सासू, डावखुरी होती. कमी बोलायची, इतकं कमी की लग्नानंतरचे पहिले सहा महिने स्तोयमेन्काला वाटत होतं, आपण आवडलो नाही. मग एकदा तापात पडल्यावर कळलं, ही बाई बोलायचं ते सगळं हातानं बोलते. उशी उलटी करते, कपाळावर पाण्यात भिजवलेला कोबीचा गार पाला ठेवते, न विचारता नाक पुसते, चाळिशीच्या माणसाचंसुद्धा. चर्चमध्ये क्रूसाची खूण करताना डावा हात वर जायचा आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या तिच्या कोपराला टोचायच्या, "ग्यूर्गे, उजवा! सैतानाला बोलावतेस का?" ती हात खाली घ्यायची, उजव्यानं खूण करायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा डावाच. स्तोयमेन्काला त्या चर्चची खरी ओढ होती ती आवाजाची. गावचे पाद्रीबाबा प्रवचन बोलता बोलता गायला लागायचे; वाक्य सुरू व्हायचं बोलीत आणि मध्येच कुठंतरी त्याला पाय फुटून ते चढण चढायला लागायचं, आणि वर पोहोचलं की पुढच्या ओळीत मेणबत्ती धरून उभा असलेला वेलिन आपला खाणीतल्या कोळशासारखा जाड आवाज त्याच्याखाली धरायचा. धूप, मेण, ओल्या लोकरीचा वास, आणि तो खालचा आवाज. नवी सून म्हणून बायकांच्या रांगेत उभी राहिलेली ती तेव्हा डोळे मिटून घ्यायची आणि तिला वाटायचं, देव असाच असणार. वर गाणारा कुणी आणि खाली तोलून धरणारा कुणी.

वेलिन देवाचा कसा झाला, ती गोष्ट गावात तोंडपाठ होती. तरुणपणी पक्का पाखंडी, रविवारी चर्चच्या भिंतीला टेकून सिगारेट ओढणारा. मग एका वर्षी मुखवट्यांच्या सकाळी काय झालं कोण जाणे, मेंढीच्या कातड्याआड, त्या शिंगं आणि पिसांच्या मुखवट्याआड, हा माणूस दर घराच्या उंबऱ्यावर थांबून क्रूसाची खूण करायला लागला. त्याच संध्याकाळी परतताना विहिरीजवळच्या बर्फावर घसरून पाय मोडला. दिवसभर देवानं सांभाळला आणि काम झाल्यावर सोडला, असं लोक म्हणाले. मुखवटे म्हणजे भुताखेताचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या पाद्रीबाबांनी त्यावर तीन रविवार गायलं: प्रभू शिंगांच्या आडही शिरतो, घंटांच्या गोंगाटातही त्याला हाक ऐकू येते. पाय बरा झाल्यावर ते वेलिनच्या दारी गेले आणि म्हणाले, ईस्टरची मोठी मेणबत्ती तू धरायची. त्यानं धरली. वेलिन खाणीत कामाला, आणि ते दिवस असे होते की सरकारला देव चालत नव्हता, कोण चर्चला जातं याची खाणीत नोंद व्हायची. त्याची मुकादमी हुकली. तरी त्यानं मेणबत्ती सोडली नाही, शेवटपर्यंत.

बाहत्तर. स्तोयमेन्का उठली आणि आपण काय करतोय ते कळायच्या आत तिनं पट्टा स्वतःच्या कमरेला लावून बघितला. मग एक घंटा अडकवली. मग दुसरी. इतक्या वर्षांत शेकडो पट्टे शिवले, पण घंटांसकट कमरेला कधी लावला नव्हता, लावावा असं मनातही आलं नव्हतं, आणि न आलेलं हेच तिला आता सगळ्यात नवलाचं वाटलं. पाचवी घंटा अडकवल्यावर ओझं खाली ओढत नाही, जमिनीत उभं करतं, हे तिला कळलं. तिनं एक उडी मारली. छोटीशी, टाचा जेमतेम सुटतील एवढी. घंटा एकदम बोलल्या, कपाटातले पेले बोलले, आणि खालून गरम पाण्याच्या पाइपवर कुणीतरी चमच्यानं ठणठण मारलं. "अहो, चौदा तारीख अजून लांब आहे!" तिसऱ्या मजल्यावरची मारिका. "उंदीर पडला!" स्तोयमेन्का ओरडली. "केवढा हो तो?" पाइपातून आवाज आला. ती तोंडावर हात ठेवून हसत राहिली, आणि हसता हसता तिला वाटलं, ग्यूर्गानं हे ओझं पहाटेपासून उंबऱ्याउंबऱ्यावर वागवलं. त्या न बोलणाऱ्या बाईनं. ती आत काय म्हणत असेल? भीती वाटत असेल म्हणून क्रूस करत असेल? की नवऱ्यासाठी? की सवयीनं, मुखवट्याआड कोपराला टोचणारं कुणी नाही म्हणून, पोटभर?

ल्यूबेन डॉक्टरांनी सांगितलेली अर्ध्या तासाची चाल संपवून आला तेव्हा ती घंटा सोडवत होती. तिनं पट्टा त्याच्यापुढं सरकवला आणि विचारलं, "तुझ्या बाबांचा पाय कधी मोडला? चौदाला संध्याकाळी, की आधी?"

तो टोपीवरचं बर्फ झटकत राहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाला, "बाराला. सकाळी. पाणी काढताना."

"आणि तू हे आज सांगतोयस? तेहतीस वर्षं संसार केला माझ्याशी!"

"विचारलंस कधी?"

तो खुर्चीत बसला आणि निळी पट्टी दोन बोटांत धरून बघत राहिला. सात वर्षांचा होता, तो सांगू लागला. बाबा मागच्या खोलीत रजईखाली, तोंडात चामड्याचा तुकडा धरून, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून. आई दोन दिवस काहीतरी शिवत होती. चौदाला पहाटे म्हणाली, मी रादोमिरला मावशीकडं जाते, मुखवटे आले की तू पाव द्यायचा, आतल्या खोलीचं दार उघडायचं नाही. ते आले. तो पाव घेऊन उंबऱ्यावर उभा. बाबांचा मुखवटा, बाबांचं कातडं, बाबांच्या घंटा. "थंडीनं माझं नाक वाहत होतं, दोन्ही हातांत पाव. मुखवटा वाकला आणि बाहीनं माझं नाक पुसलं." ल्यूबेन हसला, आणि चेहरा मध्येच तसाच राहिला. "बाबांनी जन्मात कधी माझं नाक पुसलं नव्हतं, स्तोयमे."

"मग कुणाला बोलला नाहीस?"

"मुखवट्यात कोण आहे ते सांगायचं नसतं. सगळ्यांना माहीत आहे ते."

त्यानंतर दोन दिवस पट्टा उसवलेलाच पडून होता. स्तोयमेन्का घेवड्याचे मोठाले पांढरे दाणे निवडायची, भिजत घालायची, आणि पट्ट्याकडं बघायची. झार्कोला हे सांगितलं तर पट्टा घरात राहील, ते दिसत होतं. जी जागा एका बाईनं राखली ती दुसरीला कशी नाकारणार? पण सांगितलं की वेलिनची गोष्ट जाणार. ती मेणबत्ती, तो खालचा आवाज, ज्याच्यावर डोळे मिटून तिनं स्वतःचा देव उभा केला होता. माणूस खोट्यानं देवळात शिरला म्हणजे आतलं सगळंच खोटं का? उसना कोट सांभाळताना माणूस ताठ चालायला शिकतो, तसं झालं असेल का त्याचं? की पहिल्या ईस्टरला मेण हातावर ओघळलं तेव्हा त्याला उंबऱ्याउंबऱ्यावर वर गेलेला बायकोचा तो डावा हात आठवला असेल, जो त्यानं पाहिलाच नव्हता, फक्त गावाच्या तोंडून ऐकला होता? त्यानं एकदा जरी पाद्रीबाबांना सांगितलं असतं, तर मुकादमी मिळाली असती. पण मग ग्यूर्गा उघडी पडली असती. म्हणून गप्प राहिला असेल. आणि गप्प राहता राहता गायला लागला असेल. तिला काहीच नक्की कळत नव्हतं, आणि न कळणं बोचतही नव्हतं. दाढेत अक्रोडाचा कण अडकल्यासारखी जीभ आपली परत परत तिथंच जात होती.

अकराला झार्को आला. चार मजले चढून आल्यामुळं धापा टाकत, मिशांवर दव. "झालं का, वहिनी? मित्को खाली गाडीत थांबलाय."

"बसा, झार्कोभाऊ. आधी हे बघा." तिनं राकिया, घरची फळांची दारू, ओतली आणि घडी उघडून पुढं केली.

त्यानं भोकांच्या रांगेवर अंगठा फिरवला. तोही तसाच, काठापासून काठापर्यंत. "ही कुणाची कंबर?"

"तेच विचारायला बसवलंय तुम्हाला."

"वेलिनकाकाची तर नव्हे. त्याचा गुडघा अडकला असता यात." तो खो खो हसला. "चाळीस वर्षं एक चौदा तारीख चुकली नाही त्या माणसाची. तुम्हाला म्हणून सांगतो..."

"ज्या वर्षी ते उंबऱ्याउंबऱ्यावर क्रूस करत होते, तेव्हा तुम्ही त्यांच्या कुठल्या बाजूला होतात?"

"डाव्या. म्हणून तर दिसलं! मीच पहिला पाहिला. मीच पाद्रीबाबांना जाऊन सांगितलं. माझ्या बाजूचा हात असा वर..." त्याचा स्वतःचा हात वर गेला आणि तिथंच, छातीपाशी, थांबला. डावा हात. त्यानं त्या हाताकडं पाहिलं, जणू कुणी तो त्याच्या मांडीवर ठेवून गेलं होतं. "उजव्यात काठी होती," तो हळूच म्हणाला. "म्हणून असेल."

निळी पट्टी स्तोयमेन्कानं मेणकापडावर सरळ करून ठेवली.

"काठी तर तो दरवर्षीच उजव्यात धरायचा, तरी डाव्यानं खूण पुन्हा कधी केली नाही," झार्को म्हणाला. त्यानं टोपी काढली. "डाव्यानं खूण करणारं गावात एकच माणूस होतं, वहिनी. आणि तिच्या कोपराला टोचायला माझी आई सगळ्यांच्या पुढं." तो हसायला लागला, आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळे पुसत. "अरे देवा. तीन रविवार! तीन रविवार गायले पाद्रीबाबा, माझ्या सांगण्यावरून! आणि तो बिचारा पस्तीस वर्षं मेणबत्ती धरून उभा!" हसणं मध्येच तुटलं. "मुकादमी हुकली त्याची."

"हो."

"एका शब्दानं बोलला नाही मला. दरवर्षी माझ्या शेजारी चालला." त्यानं राकियाचा पेला उचलला, दोन थेंब मृतांसाठी जमिनीवर सांडले आणि उरलेली प्याला. आता तो काय म्हणेल याची तिला भीती वाटत होती. बाईनं रांग बाटवली, असं म्हणेल? गावात जाऊन सांगेल? झार्को उठला, खिडकीपाशी गेला, ती उघडली आणि चार मजले खाली ओरडला, "मित्को! जा घरी! तुझ्या पोटाला हा पट्टा पुरत नाही!" खिडकी लावून वळला. "पोरीची कंबर किती? मलाही फोन करून मागत होती पट्टा."

"कातड्यासकट शहात्तर."

"मग लागा कामाला. आणि हे," त्यानं घडीकडं बोट केलं, "शिवून टाका. आत होतं तसं आत राहू दे. पाद्रीबाबा चांगलं गायले होते." दाराशी बूट घालताना पुन्हा म्हणाला, "पण मुखवट्यात तोंड बंद, सांगा तिला. फार बोलते ती."

"त्या बाबतीत आजीवर गेलेली नाही," स्तोयमेन्का म्हणाली.

चार सेंटिमीटरांचा फरक पडत होता, म्हणून जुन्या रांगेशेजारी तिला नवी रांग पाडावी लागली. आरी यावेळी अडली, कातडं नाही म्हणालं, मग हो म्हणालं. मेण लावलेला दोरा, दोन सुया, गुडघ्यांत लाकडी चिमटा. निळी पट्टी तिनं होती तिथंच ठेवली, हाडापाशी. एलित्साला काही सांगितलं नाही. ल्यूबेननंही नाही, त्याला विचारून तिनं खात्री करून घेतली.

चौदाची सकाळ गावात निळी आणि कोरडी उजाडली. सासऱ्याच्या घराच्या उंबऱ्यावर ल्यूबेन उभा होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुखवट्याच्या बाहेर, दोन्ही हातांत गोल पाव, त्यावर मीठ. स्तोयमेन्का त्याच्या मागं सुक्या नासपतींची परडी घेऊन. आधी आवाज आला, गल्लीच्या वळणाआडून, सगळ्यांचा मिळून एक. मग त्यातून वेगळा असा तो पाच घंटांचा, जो तिनं स्वतःच्या कमरेवर ऐकला होता. रांग अंगणात शिरली. शिंगं, पिसं, लाल कापडाच्या जिभा. झार्को पुढं आणि त्याच्या उजव्या बाजूला वेलिनचा मुखवटा, इतरांपेक्षा वीतभर बुटका. तो पुढं आला आणि पाव घ्यायला थांबला. ल्यूबेनचं नाक वाहत होतं. खांद्याला पुसता आलं असतं, त्यानं पुसलं नाही. तोंड वर करून तो त्या मुखवट्यासमोर तसाच उभा राहिला.

घंटा थांबल्या. मुखवट्यानं मान एका बाजूला कलती केली, बाही बोटांवर ओढली आणि ल्यूबेनचं नाक पुसलं, खसकन, बशी पुसावी तसं. मग पाव घेतला आणि पुढं गेला.

एलित्साला कुणी सांगितलं नव्हतं. नाक वाहत होतं, एवढंच.